बारा पस्तीसचा मंडप

मुहूर्त नापास करणारा मंडपवाला मी आयुष्यात एकच पाहिला. भटजींनी पंचांग बघून, बोटं मोजून दुपारी बारा पस्तीसचा मुहूर्त काढून द्यावा, मुलीच्या बापानं तो चिठ्ठीवर लिहून आनंदानं लिंबाजीमामांकडं यावं, आणि मामांनी चिठ्ठी हातातही न घेता विचारावं, "मंडपात बसणार कोण? तुमी का तुमचं पंचांग?"

मी त्यांची शेजारीण. म्हणजे दुकानाला दुकान लागून. मांजरसुंब्याच्या फाट्यावरून आत वळलं की तासाभरात आमचं गाव येतं. नगरपंचायत झाली म्हणून शहर म्हणायचं, नाहीतर या टोकाला कुणी शिंकलं तर त्या टोकाला कळतं. स्टँडसमोर पहिलं माझं ब्यूटी पार्लर आणि त्याला चिकटून मामांचं मंडपाचं गोडाऊन. लग्नसराईत आम्ही दोघं एकाच लग्नाला जायचो. ते मंडप सजवायचे, मी नवरी. गाव सोडून मला आता दोन वर्षं झाली. नवऱ्याची बदली झाली, छत्रपती संभाजीनगरला आलो. पण अजून भर उन्हात कुठं मंडप दिसला की मामांचा आवाज कानात येतो आणि मी रिक्षातल्या रिक्षात एकटीच हसते. रिक्षावाला आरशातून बघतो, बघू दे.

मामा उंच, काटक. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली, कारण चाळीस वर्षं त्याच खांद्यावरून मंडपाच्या लाकडी बल्ल्या वाहिलेल्या. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, खिशात कायम सुतळीची गुंडी. स्वतःच्या भाड्यानं द्यायच्या खुर्चीवर बसलेलं मी त्यांना गावात कधी बघितलं नाही. "ती पाव्हण्यांची," म्हणायचे आणि पालथ्या घातलेल्या पातेल्यावर बसायचे. कुणाच्या घरी गेले की चहाच्या आधी अंगणातली सावली पावलांनी मोजायचे. "चार पावलं हाय. तीनला सात हुईल. म्हातारीची बाज हिकडं सरकवा." विचारलेलं कुणी नसायचं. पण बाज सरकायची, आणि म्हातारी उन्हाळाभर मामांचं नाव घ्यायची.

एकदा मी चिडवलं, "मामा, माझ्या पार्लरची सावली सांगा बरं!"

"तुज्या पार्लरला सावलीच न्हाई, जोती. म्हणून तर बाया निम्म्यातून उठून जातात."

मला राग आला. आला म्हणजे काय, चांगलाच आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला गेले तर दारावर कापड ताणलेलं. विचारलं नाही, सांगितलं नाही. आणि खरंच, त्या उन्हाळ्यात बायका बसून राहायला लागल्या. मग त्यांना बसवून चहा पाजायची वेळ माझ्यावर आली, ते वेगळं.

त्यांचे वडील शेळ्या-मेंढ्या घेऊन माळामाळानं फिरणारे. मामा सांगायचे, "आमचा बाप घड्याळ न्हाई बगायचा, शेळी बगायचा. शेळी बसली की आमी बसायचो." आभाळाचा मात्र त्यांनी भरवसा सोडून दिला होता. पूर्वी वळीव सांगून यायचा म्हणे. आता पत्रिका न दिलेल्या पाव्हण्यासारखा कधीही येतो, आणि येतो तो मंडप उचलूनच नेतो. म्हणून त्यांनी प्रत्येक कापडाला वीत-वीत चिरा पाडून वरून झुलती पट्टी शिवून घेतली. वारा आत शिरला की त्याला बाहेर जायला वाट. शिंपी म्हणाला, "मामा, नव्या कापडाला भोकं पाडायला मी पैल्यांदाच बसतोय." मामा म्हणाले, "वाऱ्याला दार ठिवलं की तो भिंत पाडत न्हाई." पुढं चैत्रात असलं वादळ आलं की खालच्या आळीतला पत्र्याचा मंडप शाळेच्या मैदानात जाऊन पडला. मामांचा जागेवर. शिंप्यानं मग गावभर सांगितलं की ती युक्ती त्याची होती.

आता हे बारा पस्तीस काय ते सांगते. आमच्याकडं निम्मा तालुका ऊसतोडीला जातो. दिवाळीच्या आगंमागं माणसं निघतात ती चैत्रात, फड सुटल्यावर परत येतात. सगळे भाऊबंद गावात सापडतात ते तेवढ्यात. म्हणून लग्नं सगळी भर उन्हाळ्यात, आणि पाव्हण्यांना उजेडात परत जायचं म्हणून दुपारी. पत्रिकेवर छापायचं बारा पस्तीस. पण बारा पस्तीसला लागलेलं लग्न मी एकसुद्धा बघितलं नाही. त्या वेळेला नवरदेव नुकता मारुतीच्या देवळापासून निघालेला असतो. पुढं डीजे, डीजेपुढं नाचणारे, आणि दर दहा पावलांवर कुणाचा तरी मेव्हणा आडवा. मंडपात शेकडो माणसं मुठीत अक्षता धरून बसलेली. टाळी लागते, म्हणजे लग्न लागतं, ते अडीचला. तोवर मी नवरीच्या तोंडावरून तीनदा हात फिरवलेला असतो. एकीचं काजळ हनुवटीपर्यंत आलं तेव्हा सासू मला हळूच विचारते, "पोरगी रडतीय का वो?" म्हटलं, रडत नाही मावशी, वितळतेय.

मामांनी एक वर्षी पोल्ट्रीवाले शेडमध्ये टांगतात तसला थर्मामीटर आणला आणि मंडपाच्या मधल्या बल्लीला बांधला. वऱ्हाडातला एक जण खवळला. "आमी कोंबड्या हाय का बे?"

"कोंबडी बरी," मामा शांतपणे म्हणाले. "पारा चाळीसला गेला की तिचा मालक फॅन लावतो, पाणी मारतो. तुमचा मालक डीजे लावतो."

सगळे हसले. हसून पुन्हा नाचायला गेले. हे असं हसण्यावारीच चाललं होतं, पिराजीकाका जाईपर्यंत.

पिराजीकाका मामांचा तीस वर्षांचा जोडीदार. साठीला आलेला माणूस, पण शिडीवर चढला की तिशीचा दिसायचा. वर कापड ताणताना त्याच्या आणि मामांच्या शिव्या चालायच्या, त्या ऐकायला माणसं थांबायची. त्या दिवशीही बारा पस्तीसचंच लग्न होतं. काका सकाळपासून घामानं निथळत होता. बाराच्या सुमाराला घाम थांबला. आम्हाला सगळ्यांना वाटलं, बरं झालं, वारं लागलं असेल. मीच म्हणाले, "काका, आता जरा बरं दिसताय." तर तो म्हणाला, "म्हशी सोडल्या का?" त्याच्याकडं म्हशी कधीच नव्हत्या. आम्ही हसलो. मामासुद्धा हसले. दहा मिनिटांत काका शिडीच्या पायथ्याशी बसला आणि उठलाच नाही. बीडला नेईपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, उन्हानं शरीर हरलं की असा घाम थांबतो, माणूस बरळायला लागतो, तेव्हाच धावायचं असतं. आणि आम्ही नेमके तेव्हाच हसलो होतो. मला आजही त्याची लाज वाटते, स्पष्ट सांगते.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मामांनी गोडाऊनच्या शटरवर रंगानं लिहिलं: पाडवा ते मृग, दुपारचा मंडप मिळणार नाही.

गावानं डोक्याला हात लावला. पाडवा ते मृग म्हणजेच तर लग्नसराई! भटजी आले, समजावून गेले. मामा म्हणाले, "महाराज, गोरज मुहूर्त तुमच्याच पंचांगात हाय ना? मग तो काढा की." मामी चिडल्या, बोलायच्या बंद झाल्या. लोक खालच्या आळीतल्या मंडपवाल्याकडं गेले. मामांचं गोडाऊन त्या वर्षी भरलेलं राहिलं, आणि मामा रिकामे. आता रिकामा माणूस काय करील? हे सावल्या मोजत गावभर हिंडायला लागले. हिंडत हिंडत मंगळवारच्या बाजारात पोचले.

आमचा बाजार उघड्यावर भरतो. भाजीवाल्या बायका डोक्यावर पदर ओढून दिवसभर उन्हात बसतात, दुपारी मेथी मान टाकते आणि बाईही. मामांनी पुढच्या मंगळवारी पहाटे जाऊन गोडाऊनमधलं होतं नव्हतं ते सगळं कापड बाजारावर ताणलं. लाल, पिवळं, गुलाबी. अख्ख्या बाजाराचं लग्न लागल्यासारखं दिसत होतं. बायका खूश. दुपारपर्यंत सगळं छान. दुपारनंतर भांडणं सुरू झाली. झालं होतं असं, की लाल कापडाखाली हिरवे टोमॅटोसुद्धा लालबुंद दिसत होते. लोक पिशव्या भरून घरी गेले, घरी जाऊन बघतात तर निम्मे कच्चे! परत आले तणतणत. बायका म्हणतात आम्ही काय केलं, टोमॅटो तुम्हीच निवडले. गुलाबी कापडाखाली वांगी विकणारी वेगळीच रडत होती, तिच्याकडं कुणी फिरकलंच नव्हतं, कारण तिची वांगी कसलीतरी भलतीच दिसत होती. सगळ्यांनी मिळून मामांना धरलं.

मामा कापडाखाली उभे राहिले, हातात एक टोमॅटो घेतला, बाहेर उन्हात नेऊन बघितला, पुन्हा आत आणला. मग स्वतःच हसत सुटले. "चाळीस वर्षं ह्या रंगाखाली नवऱ्या बसवल्या मी! किती सासऱ्यांना फसवलं असंल बगा!"

पुढच्या मंगळवारी पांढरं कापड आलं. चिरा पाडलेलं, पट्ट्या लावलेलं. भर रस्त्यात बल्ल्या रोवल्या म्हणून मामांना नगरपंचायतीची नोटीस आली. मामा नोटीस घेऊन ऑफिसात गेले ते नेमके एक वाजता, आणि साहेबांना म्हणाले, "चला, जाग्यावर दावतो." साहेब टोपी घालून कुरकुरत आले. कापडाखाली शिरले, थांबले, इकडंतिकडं बघितलं, भाजी घेतली. अर्ध्या तासानं गेले. त्या नोटिशीचं पुढं काही ऐकलं नाही. उलट दुसऱ्या वर्षी स्टँडपुढं, जिथं ऊसतोडीवरून परतलेली माणसं सामानसुमान घेऊन उतरतात, तिथं कापड लावायला साहेबांचंच बोलावणं आलं.

त्याच सुमाराला हवामान बदलावर एक कार्यक्रम झाला. लहान गावांनी तयारी कशी करावी, असा विषय. बाहेरून एक मोठे विद्वान आले होते. कार्यक्रम कुठं? पत्र्याच्या हॉलमध्ये. किती वाजता? दुपारी एकला. आणि लाइट गेलेली. विद्वान घाम पुसत वाढत्या तापमानाची चित्रं दाखवायच्या खटपटीत, आम्ही पत्रिकेनं वारा घेतोय. मामांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. "साहेब, तयारी म्हणून पैलं आपण समदे भाईर चिंचेखाली बसू. मग लई ऐकतो तुमचं." मग विद्वानच पहिले उठले. चिंचेखाली कार्यक्रम दोन तास रंगला. माणूस चांगला होता बिचारा. जाताना त्यानं मामांचा हात हातात घेतला आणि विचारलं, तुमचं शिक्षण काय? मामा म्हणाले, "मंडप."

तर असं हळूहळू गाव वळत होतं. तीन-चार घरांनी संध्याकाळची लग्नं लावून बघितली. पण बहुतेकांचं एकच म्हणणं होतं: "लोकाच्या पोरींना सांगणं सोपं हाय. मामाची पोरगी उजवायची येऊ द्या, मग बगू." मामांना एकच मुलगी, मनीषा. आणि मनीषाचं ठरलं.

मुलगा परळीला नोकरीला, घर धर्मापुरीचं. मुलगा गोड, मनीषाला मनापासून आवडलेला. अडचण होती ती सासऱ्याची. देवराव त्यांचं नाव, सगळे आबा म्हणायचे. गडी धिप्पाड, मिशा भरघोस, जन्म गेलेला शेळ्या-म्हशींमागं, आणि आवाज असा की घरात बोलले तरी माळावर बोलल्यासारखे. साखरपुडा झाला, पत्रिका छापायची वेळ आली, आणि देवराव म्हणाले, "बारा पस्तीस."

मामा म्हणाले, "सहा चाळीस. गोरज."

"आमच्याकडं दिवेलागणीला लग्न लागत न्हाई, इवाई. पाव्हणे परत कवा जायचे?"

"रात हितंच काढा. मंडपातच गाद्या टाकतो, सकाळी पोहे खाऊन जावा."

"मी वैशाखात शेळ्या राखल्यात. मला ऊन नका सांगू."

"मीबी राखल्यात. बाराला शेळी कुठं असायची?"

देवरावांनी मिशीला पीळ दिला. "झाडाखाली."

"मग आपल्या लेकरांना कावून उभं करायचं उन्हात?"

"शेळीच्या लग्नाला पाव्हणे न्हाई येत!" देवरावांनी मांडीवर थाप मारली आणि उठले. बारा पस्तीस छापा, नाहीतर दुसरं घर बघा, असं दारातून सांगून गेले.

मामा त्या दिवशी गोडाऊनमध्ये पातेल्यावर बसून राहिले. मी चहा नेला तर म्हणाले, "जोती, शटरवरचं पुसलं तर गाव पुन्ना बाराला जाईल. न्हाई पुसलं तर पोरीचं मोडंल. तू सांग." मी काय सांगणार? म्हटलं, आधी चहा घ्या.

दोन दिवसांनी मामांनीच निरोप धाडला. एक दिवस या, विहीणबाईंना घेऊन या. लग्नातल्या कपड्यांत या. आपण मंडप घालू, बारा पस्तीसला स्टेजवर बसू. तुम्ही अडीचपर्यंत बसलात तर पत्रिकेवर बारा पस्तीस. आधी उठलात तर सहा चाळीस. देवरावांचा उलटा निरोप आला: "डीजे नसंल तर चारपर्यंत बसतो."

मनीषा माझ्याकडं येऊन रडली. "ताई, बाबा हरले तर बाबा मोडतात. आबा हरले तर ते ह्या घरात पुन्हा पाय ठेवत नाहीत. मी देव पाण्यात घालू तरी कुणासाठी?"

ठरल्या दिवशी मामांच्या घरापुढच्या मोकळ्या जागेत मंडप पडला. अख्खं गाव कडेच्या लिंबाखाली जमलं. लग्नालासुद्धा इतकी माणसं वेळेवर येत नाहीत. देवराव कोट, उपरणं, फेटा असे आले. मामांनीही कुणाचा तरी कोट चढवला होता, तो झुकल्या खांद्यावरून घसरत होता. विहीणबाई शालू नेसून आल्या. मामांच्या सांगण्यावरून मी त्यांचा पूर्ण मेकअप केला, अगदी नवरीचा करतात तसा. त्यांनी आरशात बघितलं आणि लाजल्या. बारा पस्तीसला तिघं स्टेजवर बसले, ते दोघं खुर्च्यांवर, मामा पालथ्या पातेल्यावर. मी पाण्याची कळशी घेऊन खाली.

पहिली पंधरा मिनिटं गप्पा झाल्या. पाऊसपाणी, म्हशी, जावई. मग गप्पा आटल्या. एकच्या सुमाराला विहीणबाईंचं कुंकू नाकावर उतरलं. सव्वाला त्या उठल्या. "माजं झालं. तुमचं तुमी बगा," म्हणाल्या आणि शालू आवरत लिंबाखाली येऊन बसल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "पोरी, हे सगळं पूस बरं आधी." लोकांना वाटलं, झालं, मामा जिंकले.

पण देवराव हलले नाहीत. उलट आणखी ताठ बसले. बायको उठली म्हणून तर आता उठायची सोयच राहिली नव्हती. फेट्याखालून घामाच्या धारा, कोट पाठीला चिकटलेला. मी पाणी नेलं, घेतलं नाही. "अडीचला पितो." मामा घड्याळाकडं बघतच नव्हते. ते देवरावांकडं बघत होते. दीड वाजला. पावणेदोन. गावात पैजा लागल्या, पोरं शिट्ट्या मारायला लागली.

आणि मग मामा एकदम पुढं झुकले. मी पण बघितलं. देवरावांच्या कपाळावरच्या धारा थांबल्या होत्या. चेहरा लाल, कोरडा.

"इवाई, कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय आता," देवराव म्हणाले. जीभ जरा जड. "वारं सुटलं वाटतं."

पानसुद्धा हलत नव्हतं.

मामा पातेल्यावरून उठले आणि त्यांनी देवरावांच्या पायाला हात लावला. खरंच लावला, सगळ्या गावादेखत. "तुमी जिंकलात. बारा पस्तीस छापू, अकरा पस्तीस छापू, म्हणाल ते छापू. पण आता उठा. तुमच्या पाया पडतो, उठा."

चार वर्षांची जिद्द होती ती. धंद्याला लाथ मारली होती, मामींचं बोलणं सोसलं होतं, गावाचं हसणं सोसलं होतं. सगळं त्या एका वाक्यात टाकून दिलं त्यांनी, समोरचा माणूस सावलीत यावा म्हणून. मी त्या दिवशी मामांना मनातल्या मनात नमस्कार केला, तो आजतागायत उतरवलेला नाही.

देवराव उठले, उठताना झोक गेला. मामांनी आणि मी दोन्हीकडून धरलं. लिंबाखाली बाजेवर आडवं केलं, कोट-फेटा काढला, ओली फडकी मानेवर, काखेत, पायांवर. विहीणबाई वारा घालत होत्या आणि तोंडानं नवऱ्याचा उद्धार करत होत्या. गावातले डॉक्टरही तेवढ्यात धावत आले. म्हणाले, वेळेवर उठवलंत. तासाभरानं पुन्हा घाम फुटला, तेव्हा मामा भिंतीला टेकून खाली बसले आणि चक्क रडले.

देवरावांनी डोळे उघडले. वर लिंबाकडं बघितलं. मग त्या माळावरच्या आवाजात, जरा खोल गेलेल्या, म्हणाले, "छापा सहा चाळीस."

"आबा, तुमी जिंकला हाय," मामा म्हणाले.

"ते मला म्हाईत हाय. जिंकणारा वेळ सांगतो. सहा चाळीस."

लग्न सहा चाळीसला लागलं. खरं तर सात पाचला, कारण मेव्हणे संध्याकाळीही आडवे येतातच. पण वारं सुटलं होतं, म्हाताऱ्या खुर्च्यांवर पाय पसरून बसल्या होत्या, आणि माझ्या हातची नवरी पहिल्यांदाच टाळी लागेपर्यंत जशीच्या तशी राहिली. देवरावांनी स्टेजवरून, कुणी माईक दिलेला नसताना, जाहीर केलं की आमच्या धाकट्याचं पण गोरजच. पुढच्या वर्षी आमच्या गावात वैशाखातली जवळजवळ सगळी लग्नं दिवेलागणीला लागली. खालच्या आळीतला मंडपवालासुद्धा दिव्यांच्या माळा आणायला लागला.

मामांना मी शेवटचं बघितलं ते धर्मापुरीत. आम्ही गाव सोडायच्या महिनाभर आधी. मनीषाच्या बाळाचं बारसं होतं, तिला नटवायला मी गेले होते. जुन्या देवळाजवळच्या मोकळ्या जागेत बाजार भरतो, तिथून चालले होते तर ओळखीचं पांढरं कापड दिसलं, आणि शिडीवर मामा. खांदा आणखी झुकलेला. शिडी धरून खाली देवराव उभे. साडेअकरा झाले असतील.

"उतरा," देवराव म्हणाले.

"एवडी एक गाठ."

"गाठ मी मारतो. उतरा म्हणलं ना! तोंड लाल झालंय तुमचं."

"आवो आबा, मी चाळीस वर्षं..."

"चाळीस वर्षांचं मला नका सांगू!" अख्खा बाजार वळून बघायला लागला. "घाम येतोय का? दाखवा कपाळ! न्हाई, हिकडं करा!"

मामांनी खाली बघितलं, मला बघितलं, आणि जीभ चावली, पोरगं सापडावं तसं. मग शिडी उतरले. देवरावांनी तपासल्यासारखं त्यांच्या कपाळावर हात फिरवला, समाधान झालं असावं, हातात तांब्या दिला आणि स्वतः शिडीवर चढले. मामा गपचूप कापडाखाली गेले. तिथं त्यांच्याच गोडाऊनमधली एक रिकामी खुर्ची होती, तिच्यावर बसले, पाय पसरले, आणि पाणी प्यायले.